ओळीला बांधलेले पडदे

संगीताच्या कोडमध्ये चित्र कुठे बसवायचे, आणि कधी काढून टाकायचे

माधवनगरहून मिरजेला रेल्वेने निघालो की मध्ये सांगली आणि विश्रामबाग ही दोनच स्थानके लागतात. एवढ्याशा पट्ट्यात दोन धंदे शेजार करून राहिले आहेत : या टोकाला यंत्रमाग आणि त्या टोकाला सतारी-तानपुरे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत पडदे बांधण्याचे काम थोडा वेळ पाहत बसले, तर एक गोष्ट ध्यानात येते. सतारीच्या दांडीवरचा धातूचा वाकवलेला पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, खिळ्याने ठोकलेला नसतो. राग बदलला की वादक तो किंचित वर किंवा खाली सरकवतो. पडदा ही स्वराची जागा डोळ्याला आणि बोटाला दाखवणारी खूण आहे. आणि ती खूण तारेच्या खालीच असते, शेजारच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात नसते.

या लेखाचा विषय मात्र सतार नाही. संगणकावर, ब्राउझरच्या खिडकीत, शब्द आणि कंस लिहून वाजवायचे एक वाद्य गेल्या काही वर्षांत जगभर पसरले आहे. त्या वाद्यात लिहिलेल्या ओळीखालीच छोटी हलती चित्रे बसवण्याची सोय झाली आहे. वरवर पाहता ही प्रोग्रामरांच्या सोयीची बाब वाटेल. पण सूर आणि ताल डोळ्यांना दाखवायचे तर कुठे, किती आणि कशासाठी, हा प्रश्न आपल्याकडे, त्यातही सांगली-मिरजेच्या परिसरात, शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलेला आहे. त्याची उत्तरे आठवली तर या नव्या चित्रांचे गुण आणि धोके, दोन्ही नीट कळतात.

लिहिता लिहिता वाजणारे वाद्य

'लाइव्ह कोडिंग' म्हणजे श्रोत्यांसमोर बसून संगीताचा प्रोग्राम लिहिणे, तो वाजत असतानाच बदलणे आणि ते बदल लगेच ऐकवणे. आधी लिहून ठेवलेली फीत लावणे याला लाइव्ह कोडिंग म्हणत नाहीत. २००४ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात अशा कलावंतांनी 'टॉपलॅप' नावाचा गट स्थापन केला. तुमचे पडदे आम्हाला दाखवा, ही त्यांच्या जाहीरनाम्यातली मुख्य मागणी होती. लॅपटॉपच्या झाकणामागे तोंड लपवून बसलेला वादक खरोखर काय करतो आहे हे श्रोत्याला कळावे, म्हणून कोड मोठ्या पडद्यावर दाखवायचा, असा हा दंडक.

ब्रिटनचे अ‍ॅलेक्स मॅक्लीन या गटातले एक. त्यांनी २००९च्या सुमारास 'टायडल सायकल्स' ही आकृतिबंधांची भाषा घडवायला घेतली. २०२२ साली फेलिक्स रूस यांच्यासह त्यांनी तिचा ब्राउझरमध्ये चालणारा अवतार सुरू केला, त्याचे नाव 'स्ट्रुडल'. तो मुक्त आहे, फुकट आहे, आणि संगणकावर काही बसवावे लागत नाही. पान उघडायचे, ओळ लिहायची, दोन कळा एकत्र दाबायच्या, आवाज सुरू.

या वाद्यात काळाचे मूळ माप 'सायकल' आहे. आपल्या कानाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण ते आपले आवर्तनच. स्ट्रुडलमध्ये काही न सांगता एक आवर्तन दोन सेकंदांचे असते. अवतरणचिन्हांत जितके बोल लिहाल तितके त्या आवर्तनात समान वाटले जातात. (प्रत्यक्षात ध्वनींची नावे रोमन अक्षरांत लिहितात, इथे सोयीसाठी नागरीत देतो.) 

"धा धिं धिं धा"

असे लिहिले तर प्रत्येक बोलाला पाव आवर्तन. 

"धा [धिं धिं] धा ना"

असे लिहिले तर कंसातले दोन धिं मिळून एका बोलाची जागा वाटून घेतात, म्हणजे दुगुन होते. कंसात कंस घालता येतो. टोकदार कंस घातला की त्यातला एकेक बोल एकेका आवर्तनाला पाळीपाळीने वाजतो. एवढ्या व्याकरणावर बराच पल्ला गाठता येतो.

लखनौ, पुणे आणि चंद्रकोर

हे व्याकरण आपल्याला ओळखीचे वाटते, त्याला कारण आहे. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'बोल प्रोसेसर' नावाची प्रणाली तयार केली. जेम्स किपेन हे ब्रिटिश संशोधक तेव्हा लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. तबल्याचे बोल पटापट टंकता यावेत, आणि कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो हे व्याकरणाच्या रूपात मांडता यावे, अशी गरज होती. अ‍ॅपल कंपनीच्या त्या काळच्या छोट्या संगणकावर ते काम झाले. यंत्राने नियमांप्रमाणे नवे पलटे काढायचे आणि उस्तादांनी चालेल की नाही ते सांगायचे, असा तो व्यवहार होता. उस्तादांनी नाकारलेला पलटा म्हणजे व्याकरणातली चूक. ती दुरुस्त करायची.

पुढे बोल प्रोसेसरच्या दुसऱ्या आवृत्तीत निरनिराळ्या लयींचे तुकडे एकमेकांत बसवून लिहिण्याची कंसांची पद्धत आली. टायडलची आणि म्हणून स्ट्रुडलची लघुलिपी तिच्यावरूनच घेतलेली आहे. बेल यांचे नाव महाराष्ट्राला आणखी एका कामामुळे माहीत असायला हवे. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात ते सहभागी होते. लाखाहून अधिक ओव्या त्या प्रकल्पात लिहून झाल्या, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण व संगणकीय नोंदणी यांत बेल यांचा हात होता.

कंसाला आपल्याकडे आणखी एक जुना भाऊ आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत एका मात्रेत दोन किंवा चार स्वर आले तर त्यांच्या खाली चंद्रकोर काढतात. ती चंद्रकोर आणि स्ट्रुडलचा चौकोनी कंस यांचे काम एकच : आतले सगळे मिळून एक मात्रा. शिवाय समेला फुली, खालीला शून्य, टाळीला आकडा, कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर. या सगळ्या खुणा ज्या अक्षराविषयी आहेत त्याच अक्षराला चिकटलेल्या असतात. खुणांची यादी पानाच्या तळाशी दिली असती, तर ती लिपी कोणी वापरली असती का?

लिहिलेले आणि वाजणारे यांतली दरी

आता अडचण पाहू. तीनताल लिहायचा आहे. चार विभाग, प्रत्येकात चार मात्रा :

"[धा धिं धिं धा] [धा धिं धिं धा] [धा तिं तिं ता] [ता धिं धिं धा]"

दोन सेकंदांत सोळा मात्रा फार घाईच्या होतात, म्हणून आवर्तन चौपट संथ करायचे. मग सेकंदाला दोन मात्रा पडतात. इथवर ठीक. समजा घाईत पहिल्या विभागाचे कंस राहून गेले :

"धा धिं धिं धा [धा धिं धिं धा] [धा तिं तिं ता] [ता धिं धिं धा]"

कागदावर दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या दिसतात. बोल तेच, क्रम तोच, मोजले तर सोळाच. पण आवर्तनाचे आता सात भाग झाले : सुटे चार बोल आणि तीन कंस. सुट्या बोलांपैकी प्रत्येकाला एक सप्तमांश आवर्तन मिळाले, आणि कंसातल्या बोलाला त्याचा चौथा हिस्सा. पहिला धा नंतरच्या धाच्या चौपट लांब झाला. ऐकताना ठेका मोडला हे तबला शिकलेल्याला लगेच कळते. कुठे मोडला हे मात्र ओळ पाहून कळत नाही. नवख्याला तर मोडला हेही कळत नाही. त्याला वाटते, असाच असेल.

या दरीचे कारण साधे आहे. लिहिलेली ओळ जागा व्यापते, वाजणारी ओळ वेळ व्यापते, आणि कोडमध्ये या दोहोंचे प्रमाण जुळत नाही. भातखंडे लिपीत मात्रांचे रकाने सारख्या अंतरावर मांडायची शिस्त आहे. रुंदीवरून काळ कळतो. कोडमध्ये ती शिस्त नसते. दोन अक्षरांचा बोल आठ सेकंद वाजू शकतो आणि अर्धी ओळ भरणारा कंस क्षणात संपू शकतो.

ही दरी भरायचा पहिला उपाय म्हणजे वाजणारा बोल उजळणे. स्ट्रुडलमध्ये जो बोल या क्षणी वाजतो आहे त्याच्याभोवती ओळीतच चौकट उमटते. हे सोपे वाटते, पण त्यासाठी प्रत्येक ध्वनीला आपण मजकुरातल्या कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत लिहिलो गेलो, ही माहिती जन्मापासून बरोबर वागवावी लागते. ओळ उलटी केली, दुप्पट वेगाने धावडवली, तरी तो ध्वनी आपले मूळ गाव विसरत नाही. पत्ता सोबत असल्यामुळेच चौकट योग्य बोलाभोवती पडते.

दुसरा उपाय म्हणजे आलेख. वेळ आडवा, स्वर उभा, आणि प्रत्येक ध्वनीचा एक ठोकळा. पियानोच्या जुन्या कागदी गुंडाळीवरून याला 'पियानोरोल' म्हणतात. वरची चूक या चित्रात तत्क्षणी दिसते : चार लांबलचक ठोकळे आणि मग बारा आखूड. सुरुवातीला हा आलेख कोडच्या मागे, पानभर पसरलेला असे. एकच ओळ वाजत असली तर छान. पण ठेका, तानपुऱ्याचा षड्ज, एखादी सुरावट अशा चार-पाच ओळी एकदम वाजू लागल्या की सगळ्यांचे ठोकळे एकाच भिंतीवर येतात. कुठला ठोकळा कुठल्या ओळीचा, हे शोधायला डोळ्याला भिंतीवरून ओळीकडे आणि ओळीवरून भिंतीकडे धावावे लागते. त्या धावपळीत समेची वेळ निघून जाते.

तिसरा उपाय सतारमेकराचा : खूण तारेखालीच बांधा. स्ट्रुडलमध्ये चित्राच्या आदेशाआधी एक खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, लिहिला की तेच चित्र पानाच्या मागे न पसरता त्या ओळीखाली छोट्या चौकटीत उमटते. ठेक्याच्या ओळीखाली ठेक्याचेच ठोकळे आणि सुरावटीखाली सुरावटीचे. अशा चौकटीला 'विजेट' म्हणतात.

पडदा बांधतात कसा

हे विजेट मजकुरात नसते, ही यातली पहिली समजून घ्यायची गोष्ट. स्ट्रुडलचा एडिटर 'कोडमिरर' या मुक्त प्रणालीवर उभा आहे. त्यात मजकूर वेगळा आणि मजकुरावर चढवलेला साज वेगळा, अशी काटेकोर फारकत केलेली असते. रंग, चौकटी, विजेटे हा सगळा साज. मजकूर कॉपी करून कोणाला पाठवला तर फक्त शब्द आणि कंस जातात. चित्र जात नाही, चित्राचा आदेश जातो. घेणाऱ्याने तो चालवला की त्याच्याकडे चित्र नव्याने उमटते.

दुसरी गोष्ट जागेची. आपण कोड चालवतो तेव्हा तो थेट यंत्राकडे जात नाही. आधी एक वाचक-प्रोग्राम तो व्याकरणदृष्ट्या सोडवतो आणि अंडरस्कोरचा आदेश मजकुरात कुठे संपतो ते टिपून ठेवतो. त्या चित्राला तो एक ओळखक्रमांक देतो आणि एडिटरला सांगतो : या जागेखाली, या क्रमांकाची, अमुक प्रकारची चौकट लाव. मग संगीत चालू झाले की त्या क्रमांकाच्या चौकटीत चित्र काढले जाते.

पण लाइव्ह कोडिंगमध्ये मजकूर स्थिर नसतो. वरच्या बाजूला दोन ओळी घातल्या की खालची प्रत्येक जागा सरकते. चौकट जर 'अमुकाव्या अक्षरापाशी' अशी ठोकून बसवली असती, तर ती आता भलत्याच ओळीखाली दिसली असती आणि ठेक्याचे चित्र सुरावटीखाली गेले असते. म्हणून प्रत्येक बदलाबरोबर एडिटर साऱ्या खुणांच्या जागा नव्याने मोजतो : आधी एवढी अक्षरे वाढली, तर खूण तेवढीच पुढे. ही दोऱ्याने बांधलेल्या पडद्याची रीत झाली. ओळ सरकली की खूणही तिच्याबरोबर सरकते.

तिसरी गोष्ट ओळखीची. कोड बदलून पुन्हा चालवला की जुनी चौकट पुसून नवी लावायची, की जुन्याच चौकटीत चित्र पुढे चालू ठेवायचे? दर वेळी पुसले तर पडदा लुकलुकतो आणि वाजवणाऱ्याचे लक्ष उडते. म्हणून जुन्या आणि नव्या चौकटीची ओळख पटवून, तीच असेल तर तिला हात लावायचा नाही, असा नियम पाळावा लागतो.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक : वेळ. ब्राउझर ध्वनी १२८ नमुन्यांच्या छोट्या घासांनी तयार करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक घास तीन सहस्रांश सेकंदांपेक्षाही लहान. पडदा मात्र बहुधा सेकंदाला ६० वेळाच नव्याने रंगतो, म्हणजे सुमारे १७ सहस्रांश सेकंदांनी एकदा. आवाज थोडा आधीच ठरवून रांगेत लावलेला असतो. चित्राने तो 'ठरवला' तेव्हा उमटायचे नाही, 'ऐकू येईल' तेव्हा उमटायचे. बिनतारी स्पीकर जोडला की हा हिशेब आणखी बिघडतो, कारण तो आवाज पोचवायला उशीर लावतो आणि चित्र पुढे पळते. ठोकळा रेघेला टेकला आणि धा मागाहून आला, हे एकदा अनुभवले की डोळा आणि कान यांत कोणावर विसंबावे हा प्रश्न तात्त्विक उरत नाही.

विजेटांचे प्रकार पुष्कळ आहेत. पियानोरोल झाला. 'स्कोप' ध्वनीची लहर दाखवतो, 'स्पेक्ट्रम' त्यातले घटक सूर दाखवतो. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की वरचे सूर कसे फुलतात ते त्यात पाहता येते. 'स्पायरल' आवर्तने मळसूत्रासारखी गुंडाळतो. 'पिचव्हील' हे बारा सुरांचे वर्तुळ. आणि सरकपट्टी, म्हणजे स्लायडर, तर ओळीच्या आतच आकड्याजवळ बसते. ती बोटाने ओढली की आवाज बदलतो आणि त्याच वेळी कोडमधला आकडाही बदलतो. मला हे सर्वांत प्रामाणिक विजेट वाटते. त्याने केलेला बदल त्याच्या पोटात लपून राहत नाही, मजकुरात लिहिला जातो, आणि उद्या तोच मजकूर उघडला तर सूर तिथेच सापडतो.

सांगलीचा जुना अनुभव

पिचव्हीलवर मात्र थोडे थांबायला हवे. बारा ठिपक्यांचे वर्तुळ पाहून यमन किंवा भूप समजतो, असा समज सहज होईल. हा मोह आपल्या गावाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींची मोजमापे करण्याचा ध्यास घेतला. या प्रयोगांत गाण्याची बाजू सांभाळायला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ होते. १९१० साली देवलांचे श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक आले. सनदी सेवेतले इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यांच्याबरोबर काम केले आणि त्या मापांवर बेतलेली श्रुती-हार्मोनियम लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून तयार करवून घेतली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींच्या प्रश्नावर वाद झडला. ती पेटी रुळली नाही.

देवलांचे मोजमाप फुकट गेले असे मला म्हणायचे नाही. गवयाच्या गळ्यातला सूर बारा पट्ट्यांच्या पेटीत मावत नाही, हे त्यांनी मोजून दाखवायचा यत्न केला, तेही ध्वनिमुद्रणाची साधने अगदी बाल्यावस्थेत असताना. गफलत पुढच्या पावलात होती. मोजलेले माप धातूच्या पट्टीत कायमचे ठोकले की ते सरकत नाही. आणि आपला गंधार रागाप्रमाणे, किंबहुना एकाच रागात आरोहाला आणि अवरोहाला, सरकतो. सतारीचा पडदा दोऱ्याने का बांधतात याचे उत्तर इथे आहे. शिवाय पडदा नुसता सरकतोच असे नाही. वादक त्यावर तार ओढून मींड घेतो, म्हणजे खुणेच्या पलीकडे जातो. खूण निघण्याची जागा सांगते, प्रवास सांगत नाही.

त्या प्रवासाचे चित्र काढण्याचे प्रयत्नही आपल्याकडे झाले. बर्नार्ड बेल यांनी १९८०च्या दशकात गायनातली सुरांची रेघ काढणारे यंत्र तयार केले होते आणि मुंबईच्या एनसीपीए संस्थेत त्याचा संशोधनासाठी उपयोग झाला. तिथेच सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मीर यांनी रागसंगीताच्या ध्वनिमुद्रणांबरोबर सरकणारे स्वरालेख तयार केले. त्यांत गळ्याची रेघ ठिपक्यांवर उडी मारत जात नाही, वळत जाते. पिचव्हीलवरचे बारा ठिपके आणि ही वळती रेघ शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे विजेट काय दाखवते आणि काय गाळते ते समजते. स्ट्रुडलमध्ये सुरांच्या मधल्या जागा लिहिता येतात. पण ठिपक्यांचे वर्तुळ समोर असले की मन ठिपक्यांवरच थांबते.

खुणा किती असाव्यात

आणखी एक प्रश्न गर्दीचा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे, जन्म १८७२चा. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी तालीम घेतली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. लहानपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. अशा माणसाने डोळ्यांनी वाचायची स्वरलिपी घडवली, हे विसरता येत नाही. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वराला त्याच्या कालमानाची स्वतंत्र खूण मिळते : एक मात्रा, अर्धी, पाव, प्रत्येकीचे चिन्ह वेगळे. माहिती नेमकी, पण पान खुणांनी भरते. भातखंड्यांनी खुणा कमी ठेवल्या, एका चंद्रकोरीत काम भागवले, आणि व्यवहारात त्यांचीच लिपी अधिक पसरली.

विजेटांना हाच न्याय लागू पडतो. पाच ओळींखाली पाच चौकटी लावल्या की कोड एकमेकापासून दूर जातो, पडद्यावर मावत नाही आणि चित्रांच्या मधून ओळी शोधाव्या लागतात. माझा अनुभव असा की एका वेळी एकच चौकट पुरे, आणि तीही ज्या ओळीविषयी शंका आहे तिच्याखाली. शंका फिटली की अंडरस्कोरचा आदेश पुसून टाकावा. ओळीला त्याने काहीच होत नाही, कारण विजेट मजकुराचा भाग नव्हतेच.

या फारकतीचा एक मोठा लाभ आहे. ज्याला दिसत नाही त्याच्यापर्यंत संगीत मजकुरातून पूर्णपणे पोचते. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम ठोकळ्यांचे चित्र वाचू शकत नाही, पण "धा धिं धिं धा" वाचू शकतो. उद्या कोणी अशी प्रणाली केली की जिथे ठोकळे ओढूनच संगीत रचायचे आणि मजकूर नाहीच, तर ती दिसायला सुबक असेल. पण दृष्टिहीन संगीतकाराला तिचे दार बंद होईल. आपल्या संगीताच्या इतिहासात असे संगीतकार किती होऊन गेले हे आठवले, म्हणजे चित्र मजकुराचे सेवक राहणे का महत्त्वाचे ते पटते.

सम दिसावी की ऐकू यावी

शेवटचा प्रश्न शिकणाऱ्याचा. स्ट्रुडलच्या पियानोरोलमध्ये चौकटीच्या मधोमध 'आता'ची रेघ असते. डावीकडे वाजून गेलेले ठोकळे, उजवीकडे यायचे असलेले. म्हणजे सम वाजण्याआधीच दिसते, रेघेकडे सरकत येताना. आपल्या मैफिलीत श्रोता समेची वाट कानाने पाहतो. खाली ओळखू येते, कारण डग्गा मिटतो, धिंचा तिं होतो. तिथून तो मनात मोजू लागतो, आणि सम आली की मान आपोआप हलते. ती मान हलण्याचा आनंद वाट पाहण्याचा असतो. येणारी सम आधीच दिसली, तर वाट कसली पाहायची?

म्हणून तीनतालाच्या त्या चुकलेल्या ओळीवर मी पुढची रीत ठरवली. आधी ऐकायचे आणि काय बिघडले याचा तोंडी अंदाज करायचा. मग चौकट लावून पाहायचे. कंस दुरुस्त करायचे. मग चौकट काढून पुन्हा ऐकायचे, हाताने टाळी-खाली देत, चार आवर्तने. पहिल्या काही दिवसांत चौकट काढली की माझी टाळी भरकटत असे. चौकट असताना मी ऐकत नव्हतो, ठोकळे मोजत होतो, हे तेव्हा कळले. चित्राने चूक दाखवली हे खरे. ती पुन्हा झाली तर कानाला कळावी, ही तयारी मात्र चित्र काढून टाकल्यावरच झाली.

माधवनगरच्या यंत्रमागांकडे परत येतो. डॉबीच्या मागावर नक्षीची आज्ञा लाकडी पट्ट्यांच्या किंवा भोकांच्या साखळीत असते. जकार्डच्या मागावर ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. स्ट्रुडलमधल्या एका विजेटाचे नाव 'पंचकार्ड' असे आहे, तेही अशा भोकाच्या पुठ्ठ्यांवरूनच आलेले. नक्षीची आज्ञा, तिचे चित्र आणि तयार होणारे कापड ही तिन्ही मागावर एकाच ठिकाणी असतात. तरीही विणकर सगळा वेळ त्यांच्याकडे टक लावून बसत नाही. चार माग एकदम चालवणारा माणूस आवाजावर असतो. धोट्याचा ठेका बदलला की तो वळतो, आणि मग पाहतो की कुठला धागा तुटला.

कोडच्या ओळीखाली बांधलेल्या चौकटीचा उपयोगही असाच व्हावा : आधी कानाने वळावे, मग डोळ्याने धागा शोधावा, गाठ मारावी आणि माग पुन्हा चालू करावा.